पिणाऱ्यांचा मोर्चा निघत नाही

श्रोतेहो, नमस्कार.

आखातातून सुट्टीवर आलेल्या माणसाला मुंबईत पहिला प्रश्न ठरलेला असतो: पगार किती? त्यानं आकडा सांगितला की लगेच दुसरा, टॅक्स कापून ना? मग तो जरा सावरून बसतो आणि सांगतो, तिकडे टॅक्स नाहीच. हातात येतो तो सगळा आपला. डोंगरी, कुर्ला, मुंब्रा आणि तिकडे खेड, चिपळूण, श्रीवर्धन, या पट्ट्यात किती घरांचे स्लॅब या एका वाक्याच्या भरवशावर ओतले गेले असतील!

वाक्य आजही खरं आहे. पगारावर कर नाहीच. पण २०१७ पासून तिकडच्या सरकारांनी दुसऱ्या खिशात हात घातला. त्याचं कारण तेल. २०१४ च्या मध्यावर कच्च्या तेलाचं पिंप शंभर डॉलरच्या वर होतं, ते २०१६ च्या जानेवारीत तिसाच्या खाली आलं. ज्या देशांचा संसार तेलावर चालतो, त्यांनी मग एकत्र बसून ठरवलं की तब्येतीला वाईट अशा वस्तूंवर कर लावायचा. तंबाखू आणि एनर्जी ड्रिंक शंभर टक्के, कोल्ड्रिंक पन्नास टक्के. सौदीनं जून २०१७ मध्ये सुरुवात केली, १ ऑक्टोबरला संयुक्त अरब अमिराती, वर्षअखेरीस बहारीन. कतारनं १ जानेवारी २०१९ ला तो लावला आणि दारूही त्यात घेतली, तीही शंभर टक्क्यांनी. ओमाननं १५ जून २०१९ ला तेच केलं, पण तिथं काही दिवसांतच दारूवरचा दर तात्पुरता निम्म्यावर आणावा लागला.

मी तेव्हा दोह्यात एका कंत्राटदाराकडे हिशेबाच्या टेबलावर होतो. त्यामुळे कर वाढल्यावर माणसं काय बोलतात आणि काय करतात, हे दोन्ही जवळून बघायला मिळालं. बोलण्यात आणि करण्यात बरंच अंतर होतं.

दोह्यात घरी न्यायची दारू मिळायची एकाच दुकानात, तेही गावाबाहेर. आत शिरायला परवाना, परवान्याला कंपनीचं पत्र, आणि पत्रात पगाराचा आकडा. महिन्याला किती रुपयांची, म्हणजे किती रियालची खरेदी करायची, तो कोटा पगारावर ठरायचा. पगार मोठा तर तहान मोठी, असा सरकारी हिशेब. डिसेंबर २०१८ संपत आला तशी बातमी पसरली की एक तारखेपासून भाव दुप्पट. झालं, दुकानाबाहेर गाड्यांची रांग लागली. आमच्या ऑफिसातले दोन ठाणेकर इंजिनिअर दुपारी जेवणाच्या सुट्टीत गेले ते संध्याकाळी उगवले. गाडीची मागची सीट आडवी केलेली, बिअरचे खोके काचेपर्यंत रचलेले, वर चादर. रांगेत इंग्रज, फिलिपिनो, लेबनानी, केरळी, आपले, सगळे एकाच रागात बडबडत होते, पण ट्रॉली कुणीच मागे सोडली नाही.

त्यांची तक्रार काय होती? ‘आम्हाला कुणी विचारलं नाही.’ आता विचारणार कुणाला? परदेशी माणसाला तिथं मत नाही, युनियन नाही, नगरसेवक नाही. गाऱ्हाणं घेऊन जायला दार नाही. त्याच्या हातात एकच गोष्ट उरते, ती म्हणजे पाकीट. आधी भरून ठेवायचं, मग कमी घ्यायचं, मग स्वस्त ब्रँडवर यायचं, आणि सुट्टीवरून परतणाऱ्याला विचारायचं, ‘येताना काही आणतोयस का?’ दुबईवाल्यांना आणखी एक वाट होती. दुबईत दारूवर तीस टक्के पालिका कर, म्हणून गाडी काढून उम्म अल कुवेन नाहीतर रास अल खैमा गाठायचं. दुबईनं १ जानेवारी २०२३ पासून तो कर थांबवला, ती वाट जरा ओस पडली. १ जानेवारी २०२५ ला कर परत आला आणि वाटही परत सुरू झाली. शारजात राहणाऱ्यांचा प्रश्नच वेगळा, तिथं दारू पूर्ण बंद आहे.

पण हे सगळं गाडीवाल्यांचं. आमच्या साइटवरच्या माणसाला त्या दुकानाचा परवानाच मिळत नव्हता, कारण परवान्याला जेवढा पगार लागायचा, त्याच्या खाली त्याचा पगार. दारूवरच्या कराचा त्याला थेट चटका बसला नाही. त्याला चटका बसला तो सिगारेटचा. कंपनीच्या बसवर खेडकडचा एक चाचा ड्रायव्हर होता. रोजची एक डबी. कर लागल्यावर पहिल्या आठवड्यात तो सरकारला बोलला, दुसऱ्या आठवड्यात दुकानदाराला बोलला आणि तिसऱ्या आठवड्यात कुणालाच बोलला नाही. स्वस्तातली, नाव नसलेली डबी घेऊ लागला. एकदा पगाराच्या दिवशी माझ्या टेबलाशी उभा राहून म्हणाला, ‘साहेब, जरा मांडून दाखवा ना, महिन्याचे किती होतात.’ मी ढोबळ मांडले. दहाची डबी वीस धरली तर महिन्याला तीनशे जास्त. त्यानं कागद घेतला, घडी घातली, लायसन्सच्या पाकिटात ठेवली. ‘एवढ्यात धाकटीची फी जाते,’ म्हणाला. सोडली का? नाही. निम्म्यावर आली. ती पण पुढे कधीतरी वाढली असेल, मला ठाऊक नाही.

जागतिक आरोग्य संघटनेचा ठोकताळा असाच काहीसा आहे. भाव दहा टक्के वाढला तर श्रीमंत देशांत तंबाखूचा खप साधारण चार टक्क्यांनी उतरतो, गरीब आणि मध्यम देशांत पाच टक्क्यांच्या आसपास. म्हणजे कर लागू पडतो, पण लागू पडतो तो ज्याचा खिसा लहान त्याला. आणि लोक स्वस्तातल्या डबीकडे वळतात हे अमिरातीच्या सरकारलाही दिसलं होतं. म्हणून डिसेंबर २०१९ पासून त्यांनी कराच्या हिशेबासाठी किमान किंमतच ठरवून टाकली. एका सिगारेटला ०.४० दिरहॅम, वीसच्या डबीला आठ. कंपनीनं भाव त्याच्याखाली लावला तरी कर आठवरच.

सौदीतल्या मंडळींचं दुखणं तर आणखी निराळं होतं. तिथं दारूचा सवालच नव्हता. सिगारेट जूनमध्ये दुप्पट झाली आणि लागोपाठ जुलै २०१७ पासून सोबत राहणाऱ्या बायकामुलांवर शुल्क बसलं. माणशी महिन्याला शंभर रियाल, दर वर्षी शंभरानं वाढत २०२० मध्ये चारशे. बायको आणि दोन मुलं असतील तर महिन्याला बाराशे रियाल नुसते राहण्याचे. कोकणातली किती कुटुंबं त्या काळात माघारी आली, ते इथल्या शाळांच्या मास्तरांना विचारा. वर्षाच्या मधेच, अरबी येणारी पण मराठी वाचताना अडखळणारी पोरं वर्गात दाखल होत होती. तिकडच्या माणसाचा सिगारेटवरचा राग हा पुष्कळदा सिगारेटवरचा नसायचाच. पण बोलायला तो सोपा विषय.

आता आपल्या मुंबईकडे वळू. इथं आपल्याला मत आहे, नगरसेवक आहे, आणि मोर्चाची तर आपल्याला जुनी सवय. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं दारूवरचा कर वाढवला. भारतातच बनणाऱ्या, स्वस्तातल्या ‘विदेशी’ मद्यावरचं उत्पादन शुल्क निर्मिती खर्चाच्या तिप्पट होतं, ते साडेचारपट झालं. देशीवर प्रूफ लिटरला, म्हणजे दारूच्या कडकपणाच्या हिशेबानं धरलेल्या लिटरला, १८० रुपये होते ते २०५ झाले. १८० मिलीच्या बाटलीची, म्हणजे आपल्या क्वार्टरची, किमान किंमत देशीला ८०, राज्यातच धान्यापासून बनवायच्या नव्या ‘महाराष्ट्र मेड लिकर’ला १४८ आणि विदेशीला २०५ रुपये ठरली. तिजोरीत वर्षाला चौदा हजार कोटी जादा येतील असा सरकारचा अंदाज होता. परमिट रूममधल्या दारूवरचा व्हॅट २०२३ मध्येच पाचाचा दहा टक्के झाला होता.

मग रस्त्यावर कोण उतरलं? बारमालक. त्यांनी १४ जुलैला राज्यभर बार बंद ठेवले. आणि पिणारे? पिणारे त्या दिवशी वाइन शॉपच्या रांगेत होते. आंदोलन मालकांचं, गैरसोय गिऱ्हाईकाची, आणि गिऱ्हाईक गप्प. कांदा महागला की बायका लाटणं घेऊन बाहेर पडतात, लोकलचं तिकीट वाढलं की प्रवासी संघटना निवेदन देते. क्वार्टर महागली म्हणून मोर्चा काढायचा तर बॅनरवर फोटो कुणाचा लावणार? ‘समस्त पिणारे, वॉर्ड क्रमांक अमुक’ अशी पाटी घेऊन चाळीतून कोण निघणार? सोसायटीत सत्यनारायणाला पहिला बसणारा तो, आणि थर्टी फर्स्टला गच्चीवर पहिला चढणारा पण तोच.

म्हणून मला दोह्यातला इंजिनिअर आणि लालबागचा पिणारा सारखेच वाटतात. एकाला बोलायचा हक्क नाही आणि दुसऱ्याला लाज आहे. सरकारच्या लेखी दोघं एकच: कर लावला तर ओरडणार नाही असा माणूस. जगातल्या कुठल्याही अर्थमंत्र्याला पैसे कमी पडले की त्याची नजर आधी बाटलीवर आणि डबीवर जाते, त्याचं हे एक कारण. तब्येतीची काळजी असेलही, मी नाही म्हणत नाही. पण मग बिडीचं काय? सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेनं सिगारेटला ४० टक्क्यांच्या वर्गात घालायचं ठरवलं आणि त्याच बैठकीत बिडीवरचा जीएसटी २८ वरून १८ वर आणला. १ फेब्रुवारी २०२६ पासून सिगारेटवर हजारामागे २,०५० ते ८,५०० रुपये उत्पादन शुल्क आहे, लांबीप्रमाणे, आणि जीएसटी निराळा. बिडी वळणाऱ्या बायकांच्या पोटाचा प्रश्न आहे, हे मान्य. पण ओढणाऱ्याच्या फुप्फुसाला त्या सवलतीचा काय उपयोग?

तंबाखूवरच्या कराला माझा विरोध नाही. परळला टाटा हॉस्पिटलच्या बाहेर, फुटपाथवर प्लास्टिक टाकून राहणारी माणसं ज्यानं पाहिलीत, त्याचा विरोध होऊच शकत नाही. तोंडाला फडकं बांधलेला बाप, हातात फायलींची पिशवी घेतलेली मुलगी. त्यातले कित्येक सिगारेटवाले नाहीतच, तंबाखूचुनावाले नि गुटखावाले आहेत. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे आणि सुटी सिगारेट विकायला २०२० पासून. टपरीवर जाऊन बघा. डबी उघडी असते, दोरीला लायटर टांगलेला असतो, आणि भाव वाढला की पानवाला एका सिगारेटमागे सुट्ट्याच्या सोयीनं पूर्ण रुपये लावतो. उरलेल्याची चॉकलेट.

दारूचं मात्र जरा जपून. भाव फार चढला की गरीब माणूस दारू सोडतोच असं नाही, तो दुसरीकडे जातो. मालाडच्या मालवणीत जून २०१५ मध्ये विषारी दारूनं शंभरावर माणसं गेली. त्याआधी २००४ मध्ये विक्रोळीत तेच झालं होतं. दारूत मिथेनॉल, म्हणजे विषारी अल्कोहोल होतं. चवीत कळत नाही, दुसऱ्या दिवशी डोळ्यापुढे अंधारी येते तेव्हा कळतं, आणि तोवर उशीर झालेला असतो. कुवेतमध्ये दारू पूर्ण बंद आहे, तिथं ऑगस्ट २०२५ मध्ये अशाच चोरट्या दारूनं तेवीस माणसं मेली. सगळी आशियाई कामगार. दुप्पट भावानं चिडलेला इंजिनिअर स्वस्त ब्रँडवर येतो. कामगारांच्या कॅम्पातला माणूस चोरट्या दारूच्या प्लास्टिकच्या बाटलीवर येतो. आखातात कामाला असलेल्या तुमच्या भावाला, मुलाला फोन कराल तेव्हा पैशांआधी हे सांगा: बिनलेबलची कुणी कितीही स्वस्त देवो, तोंडाला लावू नकोस. आणि प्यायल्यावर धूसर दिसू लागलं तर पोलिसांच्या भीतीनं खोलीत पडून राहू नकोस, हॉस्पिटल गाठ.

आता सुट्टीवर येणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. सहार विमानतळावर उतरताना करमाफीत दोन लिटर दारू आणि शंभर सिगारेटी आणता येतात. पूर्वी सिगारेटी दोनशे होत्या, २०१४ च्या अर्थसंकल्पानं त्या निम्म्या केल्या. दोन लिटर म्हणजे लिटरच्या दोन बाटल्या. मामा, मेहुणा आणि सोसायटीचा सेक्रेटरी अशी तिघांची ऑर्डर घेतली असेल, तर तिसऱ्याचा रुसवा किंवा कस्टम्सची पावती, यातलं एक पदरी येणार. लहान मुलांच्या नावावर बाटल्या येत नाहीत, हे काउंटरवर वाद घालण्याआधी लक्षात ठेवा.

आणि ती बाटली ज्याच्या घरी जाणार आहे, त्याच्याकडे कायद्यानं परवाना हवा. १९४९ चा दारूबंदी कायदा आपल्याकडे अजून जिवंत आहे. विदेशी मद्याचा एक दिवसाचा परवाना पाच रुपये, देशीचा दोन, वर्षाचा शंभर, आणि आयुष्यभराचा हजार. वयाची अट विदेशी मद्याला पंचवीस वर्षं. हजार रुपये एकदाच भरून जन्माची मोकळीक, एवढा स्वस्त कर आखातात नाही. तरीही तो काढलेला मामा मला अजून भेटायचाय.

नमस्कार.