शहाद्याचा रानपिंगळा

(दृश्य: सातपुड्याचा पायथा, शहादा तालुका.)

ऊन चांगलं चढलंय, तरी हा अजून सालईच्या शेंड्यावर बसून आहे. जेमतेम वीतभर पक्षी. साध्या पिंगळ्यासारखे डोक्यावर ठसठशीत ठिपके नाहीत. पोट पांढरं, पाय दणकट. शेपटी सारखी इकडून तिकडे झटकतोय. घुबडाच्या जातीचा, पण शिकार करतो दिवसाढवळ्या. हा रानपिंगळा.

1880 च्या दशकात जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने खानदेशात त्याचे नमुने, म्हणजे मारून, कातडी भरून जपलेले पक्षी, गोळा केले. 1884 नंतर 113 वर्षं खात्रीची एकही नोंद नाही. मधल्या काळात रिचर्ड माइनर्त्झहागन या ब्रिटिश पक्षीसंग्राहकाने गुजरातेतल्या मांडवीचा, 1914 सालचा म्हणून एक नमुना पुढे केला. अमेरिकी पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी त्या नमुन्याचं भरण, शिवण बारकाईने तपासली. तो निघाला डेव्हिडसनचाच. संग्रहालयातून चोरलेला, नव्याने भरलेला. त्यावरची गाव-सालाची चिठ्ठीच खोटी! मग मांडवीचा नाद सुटला आणि शोधाची वाट पुन्हा खानदेशाकडे वळली. 25 नोव्हेंबर 1997 ला, इथेच शहाद्याजवळ, रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना रानपिंगळा जिवंत दिसला.

(दृश्य: जुन्या झाडाची ढोली.)

पुढे तोरणमाळच्या रानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी त्याचा अभ्यास केला. ही ढोली नीट पाहा. पिंगळा ती कोरत नाही, त्याला आयतीच लागते. मादी आत अंड्यांवर. नर सरडे, उंदीर आणून देतो. जुनं झाड सरपणाला गेलं किंवा शेतासाठी तुटलं, की घर गेलं. आज हजारभरही प्रौढ पक्षी उरले नसावेत.

2018 मध्ये कोईमतूरची सलीम अली पक्षी संशोधन संस्था, तिरुपतीची आयसर ही विज्ञान संस्था, शिकागोचं लॉयोला विद्यापीठ अशा अनेकांनी मिळून त्याचा डीएनए तपासला आणि तो वेगळ्या गटातला नसून इतर पिंगळ्यांच्याच गटातला ठरला. मोठं काम झालं. पण मला राहून राहून वाटतं, या भागीदारीत एक जागा इथल्या पोरांची आहे. जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची कॉलेजं थेट तळोदा, अक्कलकुव्यापर्यंत आहेत. तिथल्या वर्गांत पाड्यांवरची भिल, पावरा मुलं बसतात. हे रान त्यांच्या पायाखालचं. ढोल्यांची नोंद त्यांनी ठेवावी, आणि शोधनिबंधावर त्यांचंही नाव लागावं.

(दृश्य: पिंगळा खाली झेपावतो. वाळल्या गवतात सरडा.)