आकडा सगळ्यात शेवटी

मंडळी, मेंटेनन्सच्या सॉफ्टवेअरमध्ये अलर्ट कसे लावायचे ते सांगा, असं मला बोलावताना सांगण्यात आलं. तसं ते काम सोपं आहे. यंत्र निवडा, कोणतं रीडिंग ते निवडा, ‘पेक्षा जास्त’वर टिचकी मारा, आकडा टाका, मेसेज कुणाला जायचा त्याचा नंबर टाका, सेव्ह. तुमच्यातला नवा डिप्लोमावाला हे दुपारच्या चहाच्या आत शिकेल. तेव्हा मी आकडा टाकण्याच्या आधीचं बोलतो.

माझी नोकरी साखर कारखान्यात गेली, त्यामुळे दाखले तिथलेच. ऑफ सीझनला आम्ही प्रत्येक यंत्र खोलून बघू शकतो, हे सुख बाकीच्या कारखान्यांना नाही. पण एकदा गव्हाणीत मोळी पडली की पुढचे चार-पाच महिने थांबायचं नाव काढायचं नाही. बाहेर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग, ऊस वाळतोय, आणि आत तुमचा आयडी फॅन थरथरतोय.

हा आयडी फॅन म्हणजे बॉयलरचा धूर ओढून चिमणीत ढकलणारा पंखा. बगॅस (उसाचं चिपाड) जळतो, राख उडते. धूर धुणाऱ्या स्क्रबरमध्ये पाण्याचा फवारा असला तरी थोडी राख पुढे येतेच आणि ओली होऊन पात्यांवर बसते. सगळ्या पात्यांवर सारखी बसली तर फारसं बिघडत नाही. एखाद्या पात्यावरची खपली निघून पडली की तोल गेला, आणि बेअरिंगचं कंपन चढायला लागतं.

सेन्सर बसवल्यावर पहिला नियम मी यावरच लिहिला. कंपन 4.5 मिलिमीटर प्रति सेकंदाच्या वर गेलं की एसएमएस. आकडा मनचा नव्हता. यंत्रांच्या कंपनाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ 10816. त्याच्या तिसऱ्या भागात, 15 ते 300 किलोवॅटच्या आणि कडक पायावर बसलेल्या यंत्रांसाठी 2.8 पर्यंत खुशाल चालवा, 4.5 च्या पुढे नुकसानीचा धोका, असं दिलेलं आहे. (2022 पासून तो भाग 20816 या क्रमांकाने आहे.) पुस्तकाप्रमाणे सगळं बरोबर होतं. रात्री दीडला पहिला एसएमएस आला आणि उजाडेपर्यंत मोबाइल भरून गेला. कंपन 4.4 आणि 4.6 च्या मध्ये घुटमळत होतं, आणि रेषा ओलांडली की दर वेळी नवा मेसेज. पंखा बंद करून परत चालू केला की सुरुवातीला कंपन क्षणभर उसळतं, त्याचेही मेसेज वेगळे. चौथ्या दिवशी शिफ्ट इंजिनिअरने तो नंबर म्यूट करून टाकला. मी त्याला काही बोललो नाही. त्याच्या जागी मी तिसऱ्याच दिवशी केला असता.

हे हसण्यावारी नेऊ नका. 24 जुलै 1994 ला वेल्समधल्या मिलफोर्ड हेवनच्या रिफायनरीत स्फोट झाला. स्फोटाआधीच्या शेवटच्या 11 मिनिटांत दोन ऑपरेटरांसमोर 275 अलार्म आले होते. म्हणजे साधारण अडीच सेकंदाला एक. यातला कामाचा कोणता, हे माणसाने कधी ठरवायचं? पुढे या विषयावर जी मार्गदर्शक तत्त्वं आली, त्यांत रोजच्या कामात एका ऑपरेटरला दहा मिनिटांत सरासरी एकच अलार्म यावा, असा अंदाज धरतात.

मग आम्ही नियम आधी कागदावर, मराठीत लिहायला लागलो. ‘पंखा चालू आहे, चालू होऊन दहा मिनिटं झालीत, आणि कंपन सलग पाच मिनिटं 4.5 च्या वर आहे, तर इशारा द्या. 4 च्या खाली उतरेपर्यंत तोच इशारा चालू धरा, नवा देऊ नका.’ हे वाक्य सॉफ्टवेअरच्या चौकटींत सरळ बसतं. जॉब कार्ड, म्हणजे दुरुस्तीच्या कामाची नोंद, आपोआप उघडणार असेल तर आणखी एक ओळ लागते: या यंत्राचं याच कारणाचं कार्ड आधीच उघडं असेल तर दुसरं काढू नका. नाहीतर एका पंख्याची तीस कार्डं तुंबतात आणि महिनाअखेरीला कुणीतरी ती सगळी एकदम ‘क्लोज’ करतो. बघितलंय मी.

पण त्या कागदावरचा पहिला प्रश्न वेगळाच असतो. मेसेज आल्यावर फिटर काय करणार? ‘बघून घेईल’ म्हणालात तर तो नियम लिहूच नका. आमचं उत्तर असं ठरलं: 4.5 ला पुढच्या क्लीनिंगच्या दिवशी पाती धुवायचं जॉब कार्ड. 7.1 ला इंजिनिअरला फोन, आणि बॉयलरचा लोड उतरवायचा की नाही ते त्याने ठरवायचं. त्याच्याही वर गेलं तर पंखा आपोआप बंद करणं, म्हणजे ट्रिपिंग, हे पॅनेलवरच्या रिलेचं काम आहे, ते सॉफ्टवेअरच्या भरवशावर कधीही ठेवायचं नाही. नेटवर्क गेलं म्हणून पंखा फुटला, असं व्हायला नको.

तापमानाला तर नुसता आकडा पुरतच नाही. डिसेंबरच्या पहाटेचं बेअरिंग आणि एप्रिलच्या दुपारचं बेअरिंग, दोघं सारखीच निरोगी असली तरी मीटरवर वीस-पंचवीस अंशांचा फरक दिसतो. म्हणून भोवतालच्या हवेपेक्षा किती वर, यावर नियम लावा. आणि महिनाभर 2 वर असलेलं कंपन एका रात्रीत 3.5 झालं, तर ते मर्यादेच्या आत आहे म्हणून झोपू नका. त्या यंत्राचा स्वतःचा नेहमीचा आकडा काय, हे आयएसओला ठाऊक नसतं.

एकदा उंदराने सेन्सरची केबल कुरतडली. स्क्रीनवर कंपन शून्य. शून्य हे 4.5 पेक्षा कमीच, त्यामुळे नियमाची काही तक्रार नाही, आणि दोन दिवस आम्ही खूश. सेन्सर आपलं रीडिंग 4 ते 20 मिलिअँपिअर करंटने पाठवतो. हा सिग्नल शून्याऐवजी 4 पासून सुरू होतो तो उगीच नाही. करंट 3.6 च्या खाली गेला तर सेन्सर बिघडला असं समजायचं. हा नियम प्रत्येक सेन्सरला लावा. चालू यंत्राचं रीडिंग तासभर दशांशानेही हललं नाही तर तेही संशयास्पद धरा.

तासांवरचे ग्रीसिंगचे नियम तुम्ही लावलेले असतीलच, त्यात मी शिरत नाही.

या पंख्यावरचा आमचा सगळ्यात उपयोगी नियम कंपनावर नाहीच. ऑफ सीझनला आम्ही जुनी जॉब कार्डं पसरून बसलो होतो, तेव्हा आमचे ऑइलरमामा म्हणाले, “साहेब, स्क्रबरच्या पंपाचा स्ट्रेनर चोक झाला, की चार दिवसांनी फॅन हलतो.” कार्डांवरच्या तारखा जुळवल्या. बऱ्याच वेळा तसंच झालं होतं. स्ट्रेनर म्हणजे पंपाची गाळणी, ती तुंबून फवाऱ्याला पाणी कमी पडलं की राख पुढे जाणार, यात नवल काहीच नाही, पण पंप एका सेक्शनकडे आणि पंखा दुसऱ्या. दोन्हींकडे रोज जाणारा माणूस तो एकटाच. मग पाण्याच्या दाबावर नियम लावायचं ठरलं. मी विचारलं, कितीच्या खाली? मामांनी मला पंपाजवळ नेलं. गेजच्या काचेवर लाल नेलपॉलिशची एक खूण होती, तिसऱ्या हंगामापासूनची, पोरीची बाटली आणून केलेली. तोच आकडा आम्ही टाकला.