पाण्याची रेघ

(किनाऱ्यावरचे पूर आणि समुद्राची वाढती पातळी या विषयावरील विद्यार्थी स्पर्धेच्या आरंभी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मुलांनो, आणि मागच्या रांगांमधल्या शिक्षकांनो,

चित्र, कविता, गोष्ट, नाट्यछटा, ध्वनिफीत, यांपैकी काहीही पाठवायची मुभा या स्पर्धेत आहे. त्याबद्दल थोडक्यात बोला, असं मला आयोजकांनी सांगितलंय. थोडक्यात बोलणं मला जमत नाही. अशा स्पर्धांचं परीक्षण मी बरीच वर्षं करते आहे, तेव्हा आधी साठलेली तक्रार करून घेते.

गठ्ठा सोडला की सगळ्यात वर असते रडणारी पृथ्वी. तोंडात थर्मामीटर, डोक्यावर बर्फाची पिशवी, खाली तिला सांभाळणारे दोन तळहात. तिच्या खाली अर्धी हिरवी, अर्धी करपलेली पृथ्वी. मग वीस मजली इमारतींच्या डोक्यावरून येणारी लाट. हल्ली ही लाट कॉम्प्युटरकडून काढून घेतलेली असते, त्यामुळे फेस छान असतो. निबंध असेल तर विषय काहीही असो, शेवट ‘झाडे लावा’वर. आणि घोषवाक्य: ‘समुद्र वाचवा’. अरे, समुद्र बुडत नाहीये. बुडायची पाळी आली आहे ती त्याच्या काठावरच्यांवर.

आणि या सगळ्यात एक ठरलेलं अस्वल. पांढरं, एकटं, बर्फाच्या तुकड्यावर उभं. या अस्वलापाशी मी जरा थांबणार आहे. आज घरी जाऊन एक करा. काचेच्या पेल्यात पाणी घ्या, बर्फाचा खडा टाका आणि पाणी जिथवर आलंय तिथे बाहेरून पेनानं रेघ मारा. खडा पूर्ण वितळू द्या आणि मग रेघ बघा. पाणी होतं तिथेच आहे. तरंगणारा बर्फ स्वतःच्या वजनाइतकं पाणी आधीच बाजूला सारून बसलेला असतो, वितळल्यावर तो तेवढीच जागा भरतो. समुद्र खारा असल्यानं तिथे किंचित फरक पडतो, पण तो आत्ता सोडून देऊ. सांगायचं असं, की अस्वलाच्या पायाखालचा बर्फ वितळल्यानं समुद्र जवळजवळ वाढत नाही. अस्वलाचं दुःख खरं आहे, पण त्याची स्पर्धा वेगळी.

समुद्र वाढवतो तो जमिनीवरचा बर्फ. डोंगरातल्या हिमनद्या, ग्रीनलंड, अंटार्क्टिका. ग्रीनलंडवरचा सगळा बर्फ गेला तर जगभरचा समुद्र सरासरी ७ मीटरच्या वर चढेल. त्याला शेकडो, हजारो वर्षं लागतील, पण साठा तेवढा आहे. दुसरं कारण कोणीच चित्रात घेत नाही, कारण ते दिसत नाही. तापलं की पाणी फुगतं. आपण वातावरणात जी जास्तीची उष्णता अडकवून ठेवली आहे, तिचा ९० टक्क्यांहून मोठा वाटा समुद्रानं पोटात घेतलाय. १९७१ ते २०१८ या काळात समुद्र जेवढा वाढला, त्यातली निम्मी वाढ नुसत्या या फुगण्याची आहे.

किती वाढला? हात पुढे करा. बोटं ताणा, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. एक वीत. १९०१ ते २०१८ या काळात जगभरची सरासरी पातळी साधारण २० सेंटिमीटर चढली, म्हणजे ही वीत. तुमच्यातले काही हसताहेत. एवढीशीच? मग तो वीस मजली लाटेचा कागद फाडून टाका, कारण हा विषय विताचाच आहे. वेग मात्र वाढतोय. विसाव्या शतकाच्या पहिल्या सात दशकांत वर्षाला सुमारे १.३ मिलिमीटर, २००६ ते २०१८ या काळात ३.७. पेन्सिलीच्या निम्म्या जाडीएवढं, दर वर्षी.

आता ही वीत सपाट किनाऱ्यावर ठेवा. समजा, १०० मीटर चाललं की जमीन १ मीटर चढते. अशा ठिकाणी वीतभर चढलेलं पाणी २० मीटर आत येतं. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण या विताच्या वर चढतं. त्यात वादळ आलं, तर वारा पाणी किनाऱ्याकडे ढकलतो आणि हवेचा दाब कमी झाल्यानं खालचं पाणी वर उचललं जातं, ते त्याच्याही वर. १९५३ च्या ३१ जानेवारीच्या रात्री उत्तर समुद्रात वादळ आणि उधाण एकाच वेळी आलं. बंधारे फुटले आणि एकट्या नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसं गेली. तेव्हा वीत आजच्याहून लहान होती. पूर्वी शंभर वर्षांत एकदा यायची अशी पाणीपातळी २१०० पर्यंत दर वर्षी किंवा त्याहून जास्त वेळा गाठली जाईल, आणि हे जगातल्या भरती मोजणाऱ्या निम्म्याहून अधिक ठिकाणी होईल, असं आयपीसीसीच्या, म्हणजे हवामानबदलाचा अभ्यास करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीच्या, २०२१ च्या अहवालात म्हटलंय.

काही वर्षांपूर्वी एका मुलीनं फक्त एक मिनिटाची ध्वनिफीत पाठवली होती. सुरुवातीला काही कळेना. डबडब, गुडगुड, मधूनच हवा सुटल्यासारखा आवाज. एक स्कूटर गेली, तिचं चाक पाण्यातून गेल्याचं ऐकू आलं. मग एक बाई म्हणाल्या, “पाऊस नाही, काही नाही, हे पाणी आलं कुठनं?” संपलं. सोबतच्या मनोगतात दोन ओळी: ‘आमच्या गल्लीतलं गटार. भरतीची वेळ, आभाळ मोकळं.’ गटाराचं तोंड समुद्रात उघडतं. भरतीचं पाणी त्या तोंडाच्या वर गेलं, की गटार उलटं वाहायला लागतं. नेमका तेव्हा पाऊस पडला तर त्याच्या पाण्याला जायला वाट उरत नाही. समुद्र समोरून न येता पायाखालून येतो, हे मी अहवालांत कितीदा वाचलं होतं. ऐकलं मात्र त्या दिवशी पहिल्यांदा.

चित्र काढणाऱ्यांसाठी आता एका चित्रकाराची हकीकत. अठराव्या शतकात व्हेनिसमध्ये कानालेत्तो नावाचा चित्रकार होता. कालवे, वाडे, नावा अशी शहराची दृश्यं काढायचा आणि ती श्रीमंत प्रवासी विकत घ्यायचे. मोजमाप चोख यावं म्हणून तो कॅमेरा ऑब्स्क्युरा वापरायचा. म्हणजे एक अंधारी पेटी, तिला भिंग. समोरच्या दृश्याची प्रतिमा आत कागदावर पडते आणि ती गिरवायची. तिथल्या वाड्यांच्या भिंतींवर पाण्याच्या कडेनं शेवाळाचा हिरवट-तपकिरी पट्टा असतो. भरतीचं पाणी नेहमी जिथवर पोचतं तिथवर शेवाळ वाढतं, त्याच्या वर भिंत कोरडी. कानालेत्तोनं तो पट्टाही इमानानं रंगवला.

जवळजवळ अडीचशे वर्षांनी शास्त्रज्ञांनी ही चित्रं हाती घेतली. चित्रातला पट्टा दारापासून, पायऱ्यांपासून किती खाली आहे ते मोजलं आणि त्याच वाड्यांपाशी नाव नेऊन आजचा पट्टा कुठे आहे ते बघितलं. तो सुमारे ६० सेंटिमीटर वर सरकला होता. त्यातला काही भाग समुद्र वाढल्याचा, काही शहराखालची जमीन खचल्याचा. मोजणीची यंत्रं तिथे बसवली गेली त्याच्या कितीतरी आधीची ही नोंद, आणि ती ठेवली कोणी? ज्याला हवामानबदल हा शब्दसुद्धा माहीत नव्हता अशा माणसानं. गिऱ्हाइकाला चित्र सुंदर दिसावं म्हणून तो भिंती स्वच्छ पुसून टाकू शकला असता. शेवाळ कोणाला हवं असतं दिवाणखान्यात? त्यानं पुसलं नाही. शिक्षकांना माझी एकच विनंती, मुलाच्या चित्रातलं शेवाळ तुम्ही पुसू नका. मोठ्या माणसाचा हात फिरलेला आम्हाला लगेच कळतो.

नाट्यछटावाल्यांनो, तुमच्यासाठी दोन प्रसंग. २००९ च्या ऑक्टोबरमध्ये मालदीवच्या मंत्रिमंडळानं समुद्राच्या तळाशी बैठक घेतली. पाठीवर हवेची नळकांडी, हातवाऱ्यांनी बोलणं, पाण्याखालीच सह्या. २०२१ मध्ये तुवालू या प्रशांत महासागरातल्या चिमुकल्या बेटांच्या देशाचे मंत्री सायमन कोफे यांनी हवामान परिषदेसाठी भाषण चित्रित केलं. सूट, टाय, समोर भाषणाचं स्टँड, मागे झेंडे. मग कॅमेरा मागे सरकतो आणि दिसतं की हा माणूस पँट दुमडून गुडघाभर समुद्रात उभा आहे. ती जागा एके काळी कोरडी होती. मला विचाराल तर दुसरा प्रयोग सरस. पहिल्यात आपण मासे बघत बसतो. दुसऱ्यात त्या दुमडलेल्या पँटवरून नजर हलत नाही.

गोष्ट लिहिणाऱ्यांना आकडे देऊन ठेवते. तुमच्यातला चौदा वर्षांचा मुलगा २१०० साली नव्वदीच्या आसपास असेल. हवा तापवणाऱ्या वायूंचं उत्सर्जन फार झपाट्यानं कमी केलं, तर १९९५ ते २०१४ च्या सरासरीपेक्षा तेव्हाचा समुद्र बहुधा २८ ते ५५ सेंटिमीटर वर असेल. बेसुमार चालू ठेवलं तर ६३ ते १०१. बर्फाचे मोठे थर अंदाजापेक्षा लवकर ढासळले तर त्याहूनही वर. गुडघा आणि कंबर यांच्यामधला हा फरक आहे. गोष्टीतल्या म्हाताऱ्याला जगबुडी दाखवायची गरज नाही. त्याच्या विहिरीचं पाणी मचूळ झालंय आणि नातवाला ते कळत नाही, कारण त्यानं गोडं पाणी कधी चाखलेलंच नाही, एवढं पुरे.

मघाशी चहाच्या वेळी एका मुलानं मला गाठलं. म्हणाला, “मॅडम, मी समुद्र कधी बघितलाच नाही. आमच्याकडे नुसती बोअरवेल आहे. मी भाग घेऊ का?” मी म्हटलं, तू तर घ्यायलाच हवास. बोअरचं पाणी शेतात पडतं, त्यातलं पुष्कळसं वाफ होऊन उडतं, पाऊस होऊन कुठेतरी पडतं आणि शेवटी समुद्रात जातं. जमिनीखाली हजारो वर्षं साठलेलं पाणी आपण उपसतो, तेही समुद्र वाढवतं. वाटा लहान आहे, पण मोजण्याइतका आहे. तो जरा गप्प झाला. मग विचारलं, “कागद आडवा धरायचा की उभा?”

बोअर काढणार असशील तर उभा.