शिरपूरचा पिनकोड आणि पतपेढीचा सबनेट मास्क

(जळगाव येथे संगणक शाखेच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

तुमच्यात शिरपूरचं कोण आहे? हात वर करा. दोन, तीन. बरं, तुमच्या गावाचा पिनकोड सांगा. ४२५४०५. आता धुळ्याचं कोण? ४२४००१. शिरपूर कुठल्या जिल्ह्यात? धुळे. मग पिनचे पहिले तीन आकडे धुळ्याचे का नाहीत? ते जळगावच्या ४२५००१ शी जुळतात. नंदुरबारचंही तसंच, ४२५४१२. पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ ला, तेव्हा नंदुरबार धुळे जिल्ह्यातच होतं. वेगळा जिल्हा झाला १९९८ मध्ये. म्हणजे टपाल खात्याने जिल्ह्याची हद्द बघून आकडे वाटले नाहीत. पहिले तीन आकडे छाननीच्या जिल्ह्याचे असतात, आणि छाननीचा जिल्हा म्हणजे कलेक्टरचा जिल्हा नव्हे.

आज मला एवढंच सांगायचंय की पत्ता, टपालाचा असो की नेटवर्कवरच्या मशीनचा, हा वाटेसाठी असतो. कोण कुणाच्या हाताखाली बसतं, कुठला विभाग मोठा, साहेबांची केबिन कुठे, याच्याशी त्याचं देणंघेणं नाही. तुम्ही नोकरीला लागाल तेव्हा पहिल्याच महिन्यात कुणीतरी म्हणेल, ‘अकाउंट्सला १० पासून द्या, चेअरमनसाहेबांना १ नंबर द्या.’ हसू नका, मला सांगितलंय तसं. एक नंबर मी गेटवेला, म्हणजे ऑफिसबाहेर जायच्या दाराला, दिला होता. तो काढून साहेबांना द्यायचा तर सगळं ऑफिस बंद.

आता लेअर, म्हणजे नेटवर्कच्या कामाचे एकावर एक थर. परीक्षेसाठी तुम्ही सातही पाठ केलेत. ते सात थर मांडणारं ओएसआय मॉडेल आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने १९८४ मध्ये प्रसिद्ध केलं. पण आयपीचं, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यांच्या नियमांचं, आजचं चौथं व्हर्जन सप्टेंबर १९८१ मध्येच कागदावर आलं होतं आणि १ जानेवारी १९८३ ला इंटरनेटचा पूर्वज अर्पानेट त्यावर गेलंसुद्धा. म्हणजे घर आधी बांधलं आणि नकाशा नंतर पास झाला. म्हणून पाचवा आणि सहावा लेअर कुठल्या डब्यात असतो ते शोधत बसू नका, तुमच्या राउटरमध्ये तो सापडायचा नाही. मॉडेलचा उपयोग दुसरा आहे. बिघाड झाला की कुठे बघायचं आणि कुठे बघायचं नाही, हे त्याने ठरतं.

दुसरा आणि तिसरा लेअर मात्र नीट समजून घ्या, कारण पत्ते दोन आहेत: दुसऱ्यावर मॅक, म्हणजे नेटवर्क कार्डाचा पत्ता, आणि तिसऱ्यावर आयपी. समजा नंदुरबारहून एक माणूस रावेरला निघाला. हातातल्या चिठ्ठीवर रावेरचा पत्ता आहे, तो प्रवासभर बदलत नाही. गाडी मात्र भुसावळला बदलते. तिथपर्यंत सुरत लाइनची, पुढे खंडव्याकडे जाणारी. चिठ्ठी म्हणजे आयपी, गाडी म्हणजे मॅक पत्त्याची फ्रेम, त्या टप्प्यापुरतं पाकीट. प्रत्येक राउटरवर फ्रेम फुटते आणि नवी बांधली जाते, आतला आयपी पत्ता तसाच राहतो. (नॅट, म्हणजे वाटेत पत्ता बदलून देणारी सोय, आलं की तोही बदलतो, पण ते आज बाजूला ठेवू.) आणि भुसावळच्या चौकशी खिडकीवरचा माणूस ‘रावेरात कुठली गल्ली?’ असं विचारत नाही. त्याला गाडी कुठल्या फलाटावर एवढंच बघायचं असतं. राउटरही एवढंच बघतो, पत्त्याचा पुढचा भाग. तो भाग किती लांब धरायचा, हे मास्क सांगतो.

आता माझी फजिती सांगतो. एका पतपेढीचं काम होतं, नाव सांगत नाही. जळगावला मुख्य कार्यालय, भुसावळ, अमळनेर, चोपडा अशा शाखा. मी नुकताच शिकून आलो होतो, व्हीएलएसएम, म्हणजे पत्त्यांचे गरजेप्रमाणे लहान-मोठे तुकडे पाडायचं तंत्र, डोक्यात ताजं. १९२.१६८.४०.० हा एकच ब्लॉक घेतला आणि पुस्तकात असतं तसा चिरला. जळगावला पन्नास मशीन, म्हणून /२६ (पत्त्याचे पुढचे २६ बिट गावाचे, उरलेले ६ मशीनचे), ० ते ६३, पहिला आणि शेवटचा सोडून वापरण्याजोगे ६२. भुसावळला पंचवीस, म्हणून /२७, ६४ ते ९५, वापरण्याजोगे ३०. अमळनेरला बारा, चोपड्याला दहा, दोघांना /२८, प्रत्येकी १४. निम्मा ब्लॉक शिल्लक राहिला म्हणून मी खुशीत होतो.

पंधरा दिवसांनी जळगावातल्या कॅशिअरचा फोन आला. ‘भाऊ, नेट चाली ऱ्हायनं, पण भुसावळ लागत नही.’ मी गेलो. त्या मशीनवर वेबसाइट उघडते, शेजारच्या प्रिंटरवर प्रिंट निघते. भुसावळचं ७० नंबरचं मशीन तेवढं लागत नाही. मी काय केलं? केबल बदलली. मग स्विचचा पोर्ट बदलला. मग भुसावळला फोन करून तिथला राउटर बंद-चालू करायला लावला, त्यात त्यांचे दोन व्यवहार अर्ध्यात लटकले आणि शाखाधिकारी जे बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. दुपारचे तीन वाजले.

स्क्रीनवर उत्तर सकाळपासून होतं. पिंग, म्हणजे ‘आहेस का?’ अशी हाक, केल्यावर विंडोज म्हणत होतं, ‘रिप्लाय फ्रॉम १९२.१६८.४०.१०, डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल.’ हा १० कोण? तेच मशीन! स्वतःच स्वतःला सांगत होतं की माणूस सापडला नाही. म्हणजे पॅकेट, पाठवलेला माहितीचा तुकडा, घराबाहेर पडलंच नव्हतं. पडलं असतं आणि पुढे हरवलं असतं, तर ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ आलं असतं.

फळ्यावर लिहितो. शेवटचा आकडा १०, बिटमध्ये ००००१०१०. समोरचा ७०, म्हणजे ०१०००११०. मास्क २५५.२५५.२५५.१९२, म्हणजे /२६, असेल तर शेवटच्या आकड्यातले पहिले दोन बिट जुळवायचे. इकडे ००, तिकडे ०१. जुळत नाहीत, म्हणजे परगाव, पॅकेट गेटवेकडे द्या. पण कुणीतरी ते मशीन फॉरमॅट करून मास्क सवयीने २५५.२५५.२५५.० टाकला होता. मग शेवटच्या आकड्याकडे बघायचंच नाही, पुढचे तीन जुळले की गाववाला. म्हणून ते मशीन ऑफिसातच ओरडत बसलं, ‘७० कोण आहे, तुझा मॅक सांग.’ याला एआरपी म्हणतात. ७० होता भुसावळला, ओ कोण देणार? वेबसाइटचा पत्ता मात्र मास्क काहीही असला तरी परगावचाच, म्हणून नेट व्यवस्थित. चूक तिसऱ्या लेअरची, बोंब दुसऱ्या लेअरवर, आणि मी पहिल्या लेअरवर केबल बदलत होतो.

याची दुसरी बाजू अजून मजेदार आहे. भुसावळहून ७० ने १० ला पिंग केलं तर? त्याचा मास्क बरोबर होता. पॅकेट गेटवेकडे गेलं, जळगावला आलं, १० पर्यंत पोचलंसुद्धा. १० ने उत्तर द्यायला घेतलं आणि पुन्हा ऑफिसातच ७० ला हाका मारत बसलं. भुसावळला दिसलं टाइम्ड आउट. चूक एक, दोन टोकांना निदान दोन. म्हणून पिंग लागलं नाही की जाण्याची वाट तुटली असं धरू नका. येण्याचीही वाट असते. आणि समोरच्या विंडोजच्या फायरवॉलने पिंग अडवलं असेल, तर मशीन धडधाकट असूनही उत्तर येणार नाही.

त्या दिवशी मास्क दुरुस्त करून मी घरी आलो. पण खरी चूक कॅशिअरच्या मशीनमध्ये नव्हती, माझ्या कागदावर होती. हे माझं मत आहे, तुमचे सर नाराज झाले तरी चालेल. खासगी पत्त्यांत इतकी काटकसर करायची गरजच नव्हती. आयपीव्ही४ चे सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी पत्ते, आणि जागतिक साठ्यातले शेवटचे ब्लॉक ३ फेब्रुवारी २०११ ला वाटून संपले. तिथे काटकसर ठीक. पण ऑफिसच्या आत वापरायला मार्च १९९४ पासून तीन पट्टे राखीव आहेत, आणि एकट्या १०.०.०.० च्या पट्ट्यात १ कोटी ६७ लाखांवर पत्ते आहेत. पतपेढीला ते सात जन्म पुरतील. अमळनेरच्या /२८ मध्ये १४ जागा, बारा मशीन आणि एक राउटर धरून उरली एक. पुढच्याच वर्षी सीसीटीव्हीचे चार कॅमेरे आले. कुठे बसवू?

नंतर मी सगळं पुन्हा मांडलं. प्रत्येक शाखेला सरसकट /२४, मशीन दहा असोत की पन्नास. मास्क सगळीकडे एकच, मग फॉरमॅट करणाऱ्याने सवयीने टाकला तरी तो बरोबरच. शाखांचे आकडे तारेच्या वाटेने. भुसावळवरून पुढे जाणाऱ्या शाखांना १०.२०.१६ ते १०.२०.३१, धुळ्यावरून जाणाऱ्यांना १०.२०.३२ ते १०.२०.४७. सोळा-सोळाचे गठ्ठे मुद्दाम, कारण जळगावच्या राउटरमध्ये एकेका दिशेला /२० ची एकच ओळ लागते. रावेरला उद्या नवी शाखा निघाली तरी जळगावात काही बदलायचं नाही. आणि शिरपूर? तिथली लाइन धुळ्यावरून आली तर धुळ्याच्या गठ्ठ्यातून आकडा, चोपड्यावरून आली तर चोपड्याच्या. टपालाने एक उत्तर काढलं, तुमचं दुसरं निघू शकतं.

एक सावधगिरी. १९२.१६८.१.० हा पट्टा ऑफिसला देऊ नका. कित्येकांच्या घरच्या राउटरमध्ये तोच असतो. मॅनेजर घरून व्हीपीएन, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरायची वाट, लावेल आणि त्याच्या मशीनला दोन्हीकडे एकच गाव दिसेल.

तपासणीबद्दल मी कडक आहे. पिंग १९८३ च्या डिसेंबरमध्ये माइक मूस यांनी लिहिलं, त्याला चाळीस वर्षं उलटली, तरी आपले लोक ते देवाला कौल लावल्यासारखं वापरतात. लागलं, चला घरी. तसं नाही. आधी कागद घ्या, कुठून कुठे, काय व्हायला हवं, ते लिहा. मग चालवून काय झालं ते समोर लिहा. क्रम खालून वर. पोर्टचा दिवा लागतो का? पत्ता १६९.२५४ ने सुरू होतोय का? होत असेल तर पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीने उत्तर दिलेलं नाही, मशीनने स्वतःच पत्ता घेतलाय, पुढे जाऊच नका. १२७.०.०.१ ला पिंग लागलं म्हणून केबल ठीक आहे असं म्हणू नका, ते केबलपर्यंत जातच नाही. मग गेटवे, मग पलीकडचा राउटर, मग पलीकडचं मशीन, आणि शेवटी नाव. आकड्याने लागतं आणि नावाने लागत नाही, तर नावावरून आकडा सांगणारं डीएनएस बघा, आयपीला हात लावू नका.

आणि जे लागायला नको ते लागत नाही ना, हेही त्याच कागदावर. कॅमेऱ्यांच्या नेटवर्कमधून कॅशिअरच्या मशीनला पिंग करून बघा. तिथे उत्तर न येणं हेच पास. हा रकाना मी आजवर ज्यांच्या कागदावर पाहिला, ते बोटांवर मोजण्याइतके.

आयपीव्ही६ राहिलं. १२८ बिट, एआरपीच्या जागी दुसरी युक्ती, पण वाटेचा विचार तोच. त्यासाठी वेगळा दिवस घेऊ.

आता लॅबमध्ये चला. आठ मशीन आहेत, दोन राउटर आहेत. एका मशीनचा मास्क मी सकाळी बिघडवून ठेवलाय आणि एका राउटरमधून परतीची वाट काढून टाकलीय. कागद आणि पेन घ्या. अर्धा तास आहे. केबलला जो हात लावेल, त्याने सगळ्यांना चहा पाजायचा.