रोज चिमूटभर भुकटी

(दृश्य: नळाखाली धरलेला कणकेचा गोळा)

कणकेचा गोळा धारेखाली धरून चोळत राहिलं, की पांढरं पाणी वाहून जातं आणि हातात उरतो रबरासारखा ताणला जाणारा चिकट गोळा. हेच ग्लूटेन. पोळी लाटताना फाटत नाही ती याच्याचमुळे. आणि सिलिअ‍ॅक नावाचा आजार असलेल्याच्या लहान आतड्याचं अस्तर झिजतं, तेही याच्यामुळेच.

हा आजार घराण्यात फिरतो. घरात एकाला निघाला, की आईवडील, सख्खी भावंडं, मुलं यांनाही तो असण्याची शक्यता इतरांपेक्षा कितीतरी जास्त. त्यामुळे अशा घरात बाळ जन्मलं, की पहिली काळजी हीच: याला गहू कधी चाखवायचा?

2007 साली 'प्रिव्हेंटसीडी' या अभ्यासानं हाच प्रश्न हाती घेतला. नेदरलँड्स, इटली, स्पेन, पोलंड धरून आठ देश आणि 944 बाळं. प्रत्येक बाळाचे आई, वडील किंवा भावंड यांपैकी कुणाला तरी सिलिअ‍ॅक होता. शिवाय डीक्यू2 किंवा डीक्यू8 ही या आजाराशी जोडलेली जनुकं बाळातही होती. बाळ अंगावर पीत असतानाच ग्लूटेनची थोडी थोडी ओळख करून दिली, तर शरीर त्याला सरावेल, अशी डॉक्टरांना आशा होती.

सोळाव्या ते चोविसाव्या आठवड्यापर्यंत रोज भुकटीची एक मात्रा. निम्म्या बाळांच्या भुकटीत 100 मिलिग्रॅम ग्लूटेन, बाकीच्यांच्या भुकटीत नुसती दुधातली साखर. कुणाला काय मिळतंय हे ना आईवडिलांना ठाऊक, ना तपासणाऱ्या डॉक्टरांना.

इथं जरा थांबायला हवं. सिलिअ‍ॅक असलेल्या घरात गव्हाची किती धास्ती असते, हे ते घरच जाणे. आपल्याकडे अशा घरात गव्हाच्या पिठाचा डबा दूरच्या फळीवर जातो, पोळपाट-लाटणंसुद्धा निराळं होतं. मग जिला स्वतःला गहू वर्ज्य आहे, तिनं चार महिन्यांच्या लेकराला ही भुकटी रोज स्वतःच्या हातानं भरवायची. कदाचित गव्हाची, कदाचित नाही. पुढे वारंवार त्या इवल्याशा दंडातून रक्त काढू द्यायचं. मला यात फार मोठं धैर्य दिसतं.

ऑक्टोबर 2014 मध्ये निकाल छापून आला. तिसऱ्या वर्षापर्यंत ग्लूटेन दिलेल्यांपैकी 5.9 टक्के मुलांना सिलिअ‍ॅक झाला, न दिलेल्यांपैकी 4.5 टक्के. संख्याशास्त्राच्या हिशेबानं हा फरक धरण्याजोगा नव्हता. भुकटीनं आजार टळला नाही. अंगावरच्या दुधानंही टळला नाही.

हे दुसरं वाक्य कितीतरी आयांसाठी मोलाचं आहे. "मी दूध लवकर तोडलं, म्हणून माझ्या पोराला हे झालं," असं मनाशी घोकत बसलेल्या बाईला आता आकड्यांनिशी सांगता येतं: नाही गं, तुझ्यामुळे नाही.

2016 साली युरोपातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं सल्ला बदलला. 4 ते 12 महिन्यांच्या दरम्यान केव्हाही गहू सुरू करा, फक्त पहिले काही आठवडे बेतानं.

(दृश्य: छोटी वाटी, मऊ खीर, बाळाच्या ओठाशी आलेला चमचा)