गॅरेज, गाडीखाना आणि आगार

नमस्कार श्रोतेहो. 'गाडी गॅरेजला टाकलीय' असं कुणी म्हटलं की आपण लगेच विचारतो, काय झालं, क्लच गेला का? आपल्याकडे गॅरेज म्हणजे मिस्त्री, ऑइलचे डाग आणि 'संध्याकाळी या साहेब, होऊन जाईल'. पण मुळात या शब्दाचा रिपेअरिंगशी काही संबंध नव्हता, आणि गंमत म्हणजे मोटारीशीसुद्धा नव्हता.

फ्रेंचमध्ये 'गारे' असं क्रियापद आहे, म्हणजे बाजूला घेऊन सुरक्षित ठेवणं, आणि ते आधी नदी-कालव्यातल्या होड्यांसाठी वापरायचे. होडी काठाला घेऊन लावायची जागा ती 'गार'. पुढे रेल्वे आली आणि तोच शब्द स्टेशनला चिकटला, पॅरिसचं 'गार द्यु नॉर' म्हणजे उत्तरेकडचं स्टेशन, आणि गाडी बाजूला काढून ठेवायच्या सायडिंगच्या रुळालाही त्यांनी गॅरेजच म्हटलं. मोटारी आल्या तेव्हा लोक त्या घोड्यांच्या तबेल्यात, बग्गीच्या शेजारीच ठेवायचे, मग मोटारीला वेगळी खोली बांधायला लागले आणि तिला नाव दिलं गॅरेज. 1900 नंतरच्या दोन-तीन वर्षांत इंग्रजीने ते उचललं आणि इंग्रजीतून ते आपल्याकडे आलं. बंगलेवाल्यांकडे अजून जुन्या अर्थाने टिकून आहे, बाकी सगळीकडे गाडी ठेवतो ते पार्किंग आणि दुरुस्त करतो ते गॅरेज.

बरं, तबेला तरी कुठला? अरबीत 'तवील' म्हणजे लांब. घोडे ओळीने बांधायचा जो लांब दोर, त्याच्यावरून अख्ख्या जागेलाच तबेला नाव पडलं! आता मुंबईत तबेला म्हटलं की म्हशी डोळ्यांसमोर येतात ते सोडा.

पण गॅरेज यायच्या आधी आपल्याकडे गाड्या ठेवायच्या जागेला शब्द नव्हता असं कुणी समजू नका. पुण्यात शुक्रवार पेठेत मंडईजवळ गाडीखाना आहे, तिथल्या महापालिकेच्या दवाखान्यामुळे पुणेकरांना पत्ता सांगावा लागत नाही. खाना हा फारसी शब्द, अर्थ घर. हत्तींचा पीलखाना तसा गाड्यांचा गाडीखाना, इतका सरळ आणि सुंदर शब्द आहे, पण आता तो फक्त पत्त्यात उरलाय याचं मला खरंच वाईट वाटतं.

आणि आता माझा सगळ्यात लाडका शब्द, आगार. 1 जून 1948 ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली, आज राज्यात एसटीची अडीचशेच्या आसपास आगारं आहेत, आणि साहेबाच्या दारावर पाटी असते 'आगार व्यवस्थापक'. मुंबईत बेस्टचंही वडाळा आगार, कुलाबा आगार. बोलताना मात्र चालक-वाहक काय, आपण काय, सगळे डेपोच म्हणतो. डेपो हाही फ्रेंचच, मुळात लॅटिन, ज्याच्यातून बँकेतलं डिपॉझिट आलं तिथलाच, म्हणजे ठेव ठेवायची जागा. आगार मात्र संस्कृत, आणि त्याचा अर्थ घर. म्हणजे बघा, फारसी खाना म्हणजे घर आणि संस्कृत आगार म्हणजेही घर. दिवसभर घाटरस्ते तुडवून रात्री गाडी आगारात आली म्हणजे ती घरीच आली की.

काही लोकांना वाटतं आगार हा कुठल्यातरी समितीने बसून काढलेला सरकारी शब्द आहे, बोजड आहे, पाटीवरच शोभतो. मला ते अजिबात पटत नाही. शस्त्रागार, कारागार हे तर आपण पुस्तकात वाचतो, ते सोडून द्या, पण धान्याचं कोठार म्हणतो ना आपण? ते मूळचं कोष्ठागार. आणि भांडार म्हणजे भांडागार, ग्राहक भांडारातलं भांडार तेच. म्हणजे आगार आपल्या आज्या-पणज्यांच्या तोंडात शेकडो वर्षं होतं, फक्त घासून घासून नुसतं 'आर' उरलं म्हणून ओळखू येत नाही. डेपो हा शब्द मराठीत येऊन त्यामानाने किती दिवस झाले! तुम्ही डेपो म्हणा, माझी काही हरकत नाही, मीही म्हणते, पण आगार परका आहे, अवघड आहे असं मात्र कृपा करून म्हणू नका.