पेजेच्या आड

(दृश्य: सकाळचे दहा. फोंड्याकडचं घर. ताटलीत पेज, कडेला लोणचं.)

उकड्या तांदळाची पेज. गोव्यात ती आजाऱ्यालाही चालते, धडधाकटालाही. म्हणूनच अन्ननलिकेचा कर्करोग तिच्या आड लपतो.

आधी अडतो तो कोरडा घास. पदेराकडचा, म्हणजे पाववाल्याकडचा उंडो (गोल पाव) छातीत थांबल्यासारखा वाटतो. माणूस पाण्याचा घोट घेतो. मग उंडो सोडतो, चपाती सोडतो, शितावर कढी वाढवून घेतो. शेवटी नुसती पेज. तीही उतरेना, कपडे सैल झाले, की बांबोळीच्या सरकारी इस्पितळाची वाट धरायची. तोवर महिने निघून गेलेले असतात. हे सगळ्यांत आधी कळतं वाढणाऱ्या बाईला. तिनं म्हटलं, दुर्बिणीची तपासणी करून घेऊ, तर त्याच आठवड्यात जावं.

(दृश्य: ऑपरेशन थिएटरचे दिवे.)

गाठ दूर पसरलेली नसेल, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. अनेकांना त्याआधी केमो, कधी जोडीला रेडिएशन.

अन्ननलिका जेमतेम २५ सेंटिमीटरची, पण हृदय, श्वासनलिका, महाधमनी तिला अगदी खेटून. १९१३ साली न्यूयॉर्कमध्ये सर्जन फ्रान्झ टोरेक यांनी एका वृद्धेची रोगट अन्ननलिका काढली. पुढे ती बाई कित्येक वर्षं जगली. गळ्याच्या छिद्रातून पोटाच्या छिद्रात जाणारी रबरी नळी अंगाबाहेरून लावून जेवायची! १९४६ मध्ये सर्जन आयव्हर लुईस यांनी ही शस्त्रक्रिया आधी पोटातून, मग उजव्या छातीतून करायची पद्धत मांडली. ती आजही वापरतात. जठराचा रक्तपुरवठा जपत त्याचीच अरुंद नळी करायची, छातीत वर ओढायची आणि उरलेल्या अन्ननलिकेला शिवायची. आता बरंच काम छोट्या छिद्रांतूनही होतं.

धास्ती असते त्या जोडाची. तो गळला, तर छातीत जंतुसंसर्ग होतो. म्हणून अनेकदा सुरुवातीचे दिवस आतड्यात घातलेल्या बारीक नळीतून अन्न देतात. दुसरी काळजी फुप्फुसांची. विडी-सिगारेट आधीच सुटलेली हवी, आणि फुंकर नव्हे, श्वास ओढून प्लास्टिकच्या छोट्या उपकरणातले (स्पायरोमीटर) तीन चेंडू वर उचलायचा व्यायामही आधीपासून हवा.

(दृश्य: पुन्हा तेच घर.)

घरी आल्यावर पुन्हा पेजच, पण वाटीभर, दिवसातून सहा वेळा, ताठ बसून. जठराच्या तोंडाशी असलेली झडप आता राहिलेली नाही. आडवं झालं की आंबट पाणी घशाशी येतं. म्हणून खाटेच्या उशाकडच्या पायांखाली लाकडी ठोकळे सरकवले आहेत.